साधी गाठ

"साधी गाठ आहे हो, कॅन्सरची नाही. काळजीचं काही कारण नाही."

हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की डॉक्टरांनी ‘साधी’ म्हणायला तोंड उघडलं की पुढचं मी मनातल्या मनात पूर्ण करून टाकते. बरं, ते चुकीचं बोलतात असंही नाही. साधी म्हणजे शरीरात इकडेतिकडे पसरत नाही, जिथे उगवली तिथेच राहते. पण ‘साधी’ म्हणजे ‘हिच्याकडे बघायलाच नको’ असा जो अर्थ आपण सगळेच, कधीकधी डॉक्टरसुद्धा, काढून मोकळे होतो ना, तिथे घोळ आहे. खूप दिवस याबद्दल लिहायचं मनात होतं. आज जमवतेच.

माझ्या अंगावर किती गाठी आहेत ते मला माहीत नाही. एकदा नवऱ्याने पाठीवरच्या मोजायला घेतल्या होत्या, साठच्या पुढे गेल्यावर त्याला झोप लागली :) बहुतेक गाठी तुरीच्या डाळीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. बोटाने दाबल्या तर मऊ लागतात, आत जातात आणि परत वर येतात. दुखत नाहीत, कधीकधी खाज मात्र जीव खाते.

या दुखण्याचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. मलाच ते नीट म्हणायला आठवडा लागला होता, त्यामुळे घरात आम्ही नुसतं ‘एनएफ’ म्हणतो. माझा प्रकार पहिला, टाइप वन. दुसऱ्या प्रकारात कानाच्या नसांवर गाठी येतात, ऐकू येणं जातं. तो आजार वेगळा, त्याचं जनुकही वेगळं. नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो एवढंच. पहिला प्रकार साधारण तीन हजार जन्मांमागे एकाला असतो. दुर्मिळ वाटतं, हो ना? आता हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत आमच्या सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे एकट्या आमच्या गावात दीडशेच्या वर माणसं झाली. मला आजवर भेटलेली दोन. बाकीचे कुठे असतील? लांब बाह्यांच्या आत, दुसरं कुठे!

आता हे होतं कसं, ते मला जसं कळलंय तसं सांगते. नसेचा धागा म्हणजे विजेची तार समजा. तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं तसं नसेवर काही पेशींचं वेष्टण असतं, त्यांना श्वान पेशी म्हणतात (कुत्र्याशी संबंध नाही, त्या शास्त्रज्ञाचं आडनाव श्वान). सतराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्याचं काम न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन बनवणं. हे प्रथिन म्हणजे ब्रेक. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा जो हुकूम आतून मिळत असतो, त्यावर ते पाय ठेवून असतं. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. माझ्यासारख्यांची एक प्रत जन्मतःच बिघडलेली. तरी दुसरीवर गाडी चालते. पण पुढे कधीतरी एखाद्या वेष्टणपेशीतली ती दुसरीही बिघडते, ब्रेक सुटतो आणि तिथे गाठ उगवते. म्हणून गाठी एकदम येत नाहीत, आयुष्यभर एकेक येत राहतात, आणि कुठे येतील ते कुणालाच सांगता येत नाही. एकाच घरातल्या दोघांना हे दुखणं असलं तरी एकाला नुसते डाग असतात आणि दुसऱ्याचा पाठीचा कणा वाकलेला असतो.

डाग म्हणजे दुधाच्या चहाच्या रंगाचे, सपाट, अंगावर सांडल्यासारखे. पाश्चात्त्य डॉक्टरांनी त्यांना कॉफीचं नाव दिलंय, पण आमच्याकडे चहाच. ते माझ्या अंगावर पहिल्या वर्षापासून आहेत. आजी त्यांना ‘लास’ म्हणायची आणि त्याचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण! खग्रास पट्टा खाली कर्नाटकातून गेला, तरी सांगलीतही दुपारी चांगलंच अंधारून आलं होतं म्हणे. माझा जन्म त्याच ऑगस्टमधला. म्हणजे आईला तेव्हा तिसरा महिना. आजीचं म्हणणं, हिने ग्रहण पाळलं नाही, नक्की विळीला हात लावला असणार. आईचं म्हणणं, दार-खिडक्या लावून ती दिवसभर पडून होती, पाणीसुद्धा प्यायली नाही. पण एकच गोष्ट पुनःपुन्हा कानावर आली की माणसाला स्वतःचीच शंका यायला लागते. झोपेत कूस बदलली असेल का, नखाने काही खरवडलं असेल का... आई एकोणीस वर्षं हे घेऊन जगली.

एकोणीस वर्षं अशासाठी, की १९९९ साली माझ्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला जरा खाली, एक सुपारीएवढी गाठ आली. एका सर्जनने हात लावून सांगितलं, "चरबीची आहे, साधी आहे, पंधरा मिनिटांचं काम." अंगावरचे डाग त्यांनी पाहिले नाहीत, मीही दाखवले नाहीत, कारण हाताच्या गाठीचा आणि पोटावरच्या डागांचा संबंध असतो हे मला कुठून माहीत असणार? गाठ काढली. पण ती चरबीची नव्हती, नसेच्या आतून आलेली होती. अशी गाठ उपटता येत नाही, नसेचे धागे बाजूला करत करत तिला सोडवावं लागतं. भूल उतरली तेव्हा माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर झालेलं होतं. ते आजही तसंच आहे. पोळ्या करताना करंगळी तव्याला लागली तर आधी वास येतो, मग कळतं.

काढलेली गाठ तपासायला गेली होती म्हणून तरी बरं. रिपोर्टमध्ये ‘न्यूरोफायब्रोमा’ असा शब्द आला आणि आम्ही मिरजेला एका वयस्कर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पट्टी घेऊन डाग मोजले. मोठ्या माणसात दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे सहा डाग असले तर ती एक खूण, माझे अकरा भरले. मग टॉर्च घेऊन काखेत बघितलं. तिथे तिळासारखे बारीक ठिपके होते, ती दुसरी खूण. दोन खुणा पुरतात. १९८७ साली ठरलेली ही यादी आहे, २०२१ मध्ये तिच्यात सुधारणा झाली, पण डाग मोजणं आणि काखेत बघणं आजही आहेच. एवढं मोठं निदान, आणि त्याला लागलं काय, तर एक शाळेतली पट्टी आणि एक टॉर्च.

आईने तिथे धीर करून विचारलं, "डॉक्टर, ते ग्रहणात..." त्यांनी तिला पूर्ण बोलू दिलं. मग आई-बाबा दोघांनाही तपासलं. एकाच्याही अंगावर काही नाही. निम्म्या रुग्णांच्या बाबतीत हे असंच असतं, आई-वडिलांत काही नसतं, बीजाच्या पेशीत नव्याने बदल होतो. कुणाच्या खाण्यापिण्याने नाही, वागण्याने नाही. आई रिक्षात बसल्यावर रडली. (पुढे वाचनात आलं की असा नवा बदल बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या प्रतीत झालेला असतो. हे आजीला सांगायला मला फार आवडलं असतं, पण ती तोवर गेली होती.)

त्यानंतर मी नेट कॅफेत जाऊन जे पाहिलं ते पाहायला नको होतं असं अजूनही वाटतं. तेव्हा हे नाव शोधलं की ‘एलिफंट मॅन’ समोर यायचा. जोसेफ मेरिक, इंग्लंडमधला, १८९० साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच्यावरचा सिनेमाही नेमका माझ्या जन्मवर्षातला, १९८०! मेरिकला आमचाच आजार होता असं १९०९ साली एका डॉक्टरांनी म्हटलं आणि ते इतकं रुजलं की पुस्तकंच्या पुस्तकं तसं छापत राहिली. १९८६ साली दोन कॅनडियन संशोधकांनी दाखवून दिलं की त्याची लक्षणं एनएफशी जुळत नाहीत, दुसऱ्याच एका कितीतरी दुर्मिळ आजाराशी जुळतात. पण एकदा चिकटलेलं नाव सुटतंय होय! ज्याच्या नावाने हा आजार ओळखायला हवा तो खरा वेगळाच माणूस, फॉन रेकलिंगहाउझेन नावाचा जर्मन. या गाठी नसांमधून येतात हे त्याने १८८२ साली दाखवलं. त्याच्यावर कुणी सिनेमा काढला नाही.

आपल्याकडे एलिफंट मॅन कुणाला माहीत नसतो. आपल्याकडे वेगळा शब्द आहे, महारोग. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसते, हळदीकुंकवात ओटी भरताना कुणाचा तरी हात जरा वरूनच सुटतो. शेजारच्या काकूंनी एकदा सरळ विचारलं, "अगं, लागण होत नाही ना?" मला सरळ विचारणारी माणसं बरी वाटतात. त्यांना सांगता येतं की काकू, कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, माझ्या डागाला मुंगी चढलेलीही कळते. हा जनुकातला दोष आहे, जन्माने येतो, शिवल्याने नाही. आणि खरं सांगू? असं समजावून झाल्यावर माझंच मला खटकतं. कुष्ठरोग असता तर सरकून बसणं बरोबर होतं का? त्याच्यावर १९८० च्या दशकापासून खात्रीचं औषध आहे, उपचार सुरू झाले की लागण होत नाही. ‘मी त्यातली नाही’ असं सांगत स्वतःला सोडवून घ्यायचं हे काही फार शोभणारं नाही. असो.

लग्न २००७ चं. स्थळ आलं तेव्हा पहिल्याच भेटीत बाही वर करून दाखवली. आधी दोन ठिकाणी हाच प्रयोग करून झाला होता, त्यांचा निरोप पुन्हा आला नाही. हा म्हणाला, "दुखतं का?" बस, एवढंच.

मुलाचा विचार करायची वेळ आली तेव्हा आम्ही पुण्याला जनुकतज्ज्ञांकडे गेलो. माझ्याकडून मुलाला हे जाण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक वेळी नव्याने नाणेफेक. आधी माझ्या जनुकातला नेमका बदल शोधायचा आणि मग गर्भात तोच आहे का ते बघायचं, असं करता येतं. पण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच कळतं. किती असेल, कुठे असेल, तिला चार डागांवर सोडेल की आयुष्यभर दवाखाने दाखवेल, हे ती तपासणी सांगू शकत नाही. आम्ही दोघांनी आठ महिने विचार केला. गर्भाची तपासणी नको असं ठरवलं. दुसरं कुणी उलट ठरवलं तर त्यात मला काही वावगं वाटणार नाही, उलट त्यांनी किती विचार केला असेल ते मला माहीत आहे. सासूबाई मात्र म्हणाल्या, "देवाच्या मनात असेल तसं." देवाच्या मनात गरोदरपणात माझ्या गाठी दुप्पट करायचंही होतं! वयात येताना आणि दिवस असताना त्या वाढतात, हे मला सांगितलेलं होतं, पण सांगणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं.

लेक २०१२ मध्ये झाली. लोक बाळाची बोटं मोजतात, मी डाग मोजले. तीन होते. मी मनाशी म्हटलं, तीन कुणालाही असतात. पहिल्या वाढदिवसाला नऊ झाले.

मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांची देखरेख जास्त बारकाईची असते. डोळ्याच्या नसेवर गाठ येण्याची भीती लहानपणीच अधिक, म्हणून दरवर्षी डोळे तपासायचे. सातव्या वर्षी तिच्या बुबुळाच्या रंगीत भागावर बारीक तपकिरी ठिपके दिसले. त्यांनी नजरेला काही होत नाही, ती फक्त आणखी एक खूण. पाठीचा कणा बघायचा. ब्लडप्रेशर बघायचं, लहान मुलाचंसुद्धा, कारण यात मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद होऊ शकते, किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होऊन प्रेशर वाढू शकतं. "एवढ्याशा पोरीचं बीपी कशाला?" असं दवाखान्यातल्या सिस्टर दरवर्षी विचारतात. मी दरवर्षी सांगते.

पण तिला खरा त्रास डागांचा नाही, गणिताचा आहे. एनएफच्या निम्म्याहून जास्त मुलांना शिकण्यात कसली ना कसली अडचण असते, हे फार थोड्या शाळांना माहीत असतं. बुद्धी छान, गप्पा मारायला बसली तर ऐकत राहावं, पण फळ्यावरचं वहीत येईपर्यंत ओळ हरवते, आकडे जागा बदलतात. चौथीत बाईंनी वहीवर ‘आळशी’ असा शेरा दिला. बधिर करंगळीइतकाच तो शेरा मला अजून जाणवतो, किंवा जरा जास्तच, कारण करंगळी निदान गप्प बसते! आता तिच्याकडे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. आठवीत आहे, शाळेच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, पुढे दहावीलाही मिळेल.

आता परत त्या ‘साधी’ शब्दाकडे येते. माझ्या उजव्या मांडीच्या मागे जन्मापासून एक मऊ फुगवटा आहे. ही गाठ वेगळ्या जातीची. एका धाग्यावर आलेली नाही, नसेच्या सगळ्या फांद्यांवरून पसरलेली, हाताला दोऱ्यांचा गुंता लागावा तशी. तिला प्लेक्सिफॉर्म म्हणतात. कातडीवरच्या बारक्या गाठी कधीच कॅन्सरच्या होत नाहीत, पण ही होऊ शकते. एनएफ असलेल्या शंभरांपैकी आठ ते तेरा जणांना आयुष्यात कधीतरी असा नसेचा कॅन्सर होतो. लक्षणं चार: गाठ भराभर वाढायला लागणं, मऊ होती ती टणक होणं, झोपेतून उठवेल असं दुखणं, आणि हातापायातली ताकद किंवा संवेदना नव्याने जाणं. २०१८ च्या पावसाळ्यात मला रात्री दुखायला लागलं. ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, "तुमची जुनीच गाठ आहे ना, साधी आहे ती. एवढं तेवढं दुखणारच." गोळ्या दिल्या. मी तीन आठवडे थांबले आणि मग मुंबई गाठली. तिथे एमआरआय, पेट स्कॅन, स्कॅनमध्ये जो भाग उजळला नेमका तिथला तुकडा. बारा दिवस रिपोर्टची वाट पाहिली. त्या बारा दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली, लेकीच्या फ्रॉकांना पुढच्या दोन वर्षांच्या मापाने टिपा घालून ठेवल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कॅन्सर नव्हता. पण त्या भागातल्या पेशी ‘साध्या’ही राहिलेल्या नव्हत्या, मधल्या कुठेतरी होत्या. तो भाग काढला. बाकीचा फुगवटा आहे तिथेच आहे. दरवर्षी एमआरआय होतो. म्हणून मला या शब्दाबद्दल एवढंच म्हणायचंय की ‘साधी’ ही त्या दिवशीची नोंद असते, जन्मभराचा दाखला नव्हे. आणि एनएफच्या बाईने तिशीपासूनच दरवर्षी स्तनांची तपासणी करायची असते, हेही मला त्या मुंबईच्या डॉक्टरांकडून अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

औषध आहे का, असं सगळे विचारतात. काढे, लेप, ‘गाठी विरघळवणारी’ भस्मं यांच्यावर बाबांनी जो पैसा घातला त्यात एक स्कूटर आली असती. एकही गाठ विरघळली नाही. पण खरं औषधही आता आलंय. ब्रेक निकामी झाल्यावर वाढीचा हुकूम ज्या साखळीतून पुढे जातो, तिच्यातलीच एक कडी अडवणाऱ्या गोळ्या आहेत. अमेरिकेत २०२० मध्ये लहान मुलांसाठी सेल्युमेटिनिबला आणि २०२५ मध्ये लहान-मोठ्या सगळ्यांसाठी मिरडामेटिनिबला परवानगी मिळाली. कापून काढता न येणाऱ्या, त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठीच ही औषधं आहेत. गाठ नाहीशी होत नाही, पुष्कळांची आक्रसते, दुखणं कमी होतं. पुरळ येतं, पोट बिघडतं, डोळे आणि हृदय तपासत राहावं लागतं, आणि किंमत आमच्यासारख्यांनी विचारू नये अशी. तरीही १९९९ साली मला "यावर काही नाही" असं सांगितलं गेलं होतं, आणि लेकीला तसं कुणी सांगणार नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे तिच्या पाठीला तेल लावत होते. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली बोट थांबलं. डाळीच्या दाण्याएवढी, मऊ, दाबली की आत जाणारी. मला बघावं लागलं नाही. तीही गप्प झाली, म्हणजे तिलाही कळलं. मग म्हणाली, "आली का?"

"हो, एक."

"तुझ्यासारख्या सगळीकडे येणार?"

"माहीत नाही गं. येतीलही. कमी येतील, जास्त येतील. खरंच कुणालाच माहीत नसतं."

"हं. उटणं लाव ना, थंडी वाजतेय."

आंघोळ झाल्यावर तिने मोबाईलवर त्या जागेचा फोटो काढून मागितला, शेजारी पट्टी धरून. मग तिची एक वही आहे, तिच्यात तारीख, जागा आणि चार मिलिमीटर असं लिहून ठेवलं. मिलिमीटरमधला चार उलटा पडला होता, तो तिने स्वतःच खोडून नीट केला. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की आम्हा दोघींची तपासणी एकाच फेरीत उरकायची असं ठरलंय. तिचे डोळे, कणा आणि बीपी, माझा एमआरआय आणि मॅमोग्राफी. ती वही बरोबर नेणार आहे. डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न तिने शेवटच्या पानावर लिहिलेत, त्यातला एक पोहण्याच्या क्लासला स्लीव्हलेस पोशाख घालायचा की नाही हा आहे. त्याचं उत्तर डॉक्टर देणार नाहीत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.